ऑरगॅनिकचा शिक्का ठीक, पण तेल निघालं कधी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ऑरगॅनिक आणि बायोडायनॅमिक वाइन, आणि जोडीला छोट्या उत्पादकांचं ऑलिव्ह तेल, यांवर पानभर मजकूर आला होता. मजकूर चांगला होता, लिहिणाऱ्याने मनापासून लिहिला होता. पण सोबतच्या फोटोपाशी मी अडले. हिरवंगार तेल, पांढऱ्या काचेची बाटली आणि तिच्यावर पडलेलं लख्ख ऊन. फोटोला ते शोभतं. तेलाची मात्र वाट लागते.

मी तेलातली बाई आहे. नागपूरच्या लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूटमध्ये (एलआयटीत) ऑइल टेक्नॉलॉजी शिकले आणि पुढे निवृत्त होईपर्यंत सॉल्व्हंट प्लँट आणि रिफायनरीच्या लॅबमध्ये ब्युरेट धरून उभी राहिले. सोयाबीन, सरकी, राइस ब्रॅन, टँकरमधून जे येईल त्याची ॲसिड व्हॅल्यू काढा, पेरॉक्साइड (तेल हवेने किती बिघडलं याचं माप) काढा, रिपोर्टवर सही करा, हेच काम. त्यामुळे 'ऑरगॅनिक' लिहिलेलं तेल हातात आलं की माझा पहिला प्रश्न वेगळा असतो. निघालं कधी? आणि तेव्हापासून आजपर्यंत होतं कुठे?

शिक्का शेतापुरतं बोलतो. झाडावर काय फवारलं नाही, जमिनीत काय घातलं नाही, एवढं तो सांगतो, आणि ते महत्त्वाचं आहेच. पण फळ तोडल्यापासून घाण्यात जाईपर्यंत किती तास गेले, तेल टाकीत किती महिने पडून होतं, न्हावा-शेव्याला उतरलेला कंटेनर नागपूरच्या गोदामात डिसेंबरात आला की मे महिन्यात, यातलं काही शिक्क्यावर नसतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, हे मी नागपूरकरांना काय सांगू! तेलाच्या ऑक्सिडेशनचा, म्हणजे हवा लागून खवट होण्याचा, वेग ढोबळमानाने दर १० अंशांमागे दुप्पट होतो. इटलीतल्या तळघरात २५ अंशांत जे वर्षभर सुखाने राहिलं असतं, ते इथल्या पत्र्याच्या गोदामात चौपट वेगाने म्हातारं होतं. त्यात उजेड. ऑलिव्ह तेलाला हिरवा रंग देणारं क्लोरोफिल अंधारात निरुपद्रवी असतं, पण उजेड पडला की तेच ऑक्सिडेशनला हातभार लावतं. म्हणजे तेल जितकं हिरवं, तितकी पांढरी काच घातक. गडद काच किंवा पत्र्याचा डबा, याला पर्याय नाही.

गेल्या उन्हाळ्यात धरमपेठेतल्या एका दुकानात अशीच एक बाटली हातात घेतली. काच गडद, लेबलवर छोट्याशा इस्टेटचं नाव, युरोपीय संघाचं ते ताऱ्यांच्या पानाचं हिरवं ऑरगॅनिक चिन्ह, सगळं जिथल्या तिथे. मागे आयातदाराचं पांढरं स्टिकर: एमआरपी, लायसन्स नंबर, बेस्ट बिफोर. स्टिकरच्या कडेखालून मूळ लेबलवरची दोन-चार इटालियन अक्षरं डोकावत होती. मी नखाने कोपरा उचलला. दुकानातला मुलगा आला.

"काकू, काय पाहून राहिल्या?"

"तारीख बघते आहे रे."

"तारीख तर वर लिहिली आहे ना जी. एक्सपायरी बाकी आहे."

एक्सपायरी बाकी होतीच. पण स्टिकरखाली हंगामाचं वर्ष छापलेलं होतं आणि तेल दोन हंगाम जुनं होतं. पश्चिमेच्या काचेला लावून ठेवलेलं, दुपारचं ऊन थेट बाटल्यांच्या पाठीवर. मी त्या मुलाला दोष देत नाही, त्याला कुणी सांगितलेलं नाही. मात्र ज्या छोट्या शेतकऱ्याने प्रामाणिकपणे वर्ष छापलं, त्याच्या त्या एका ओळीवरच आपण कागद चिकटवतो, याला काय म्हणावं? बेस्ट बिफोर बहुधा बाटली भरल्यापासून मोजतात, फळ पिळल्यापासून नाही. मधले महिने कुणाच्याच हिशेबात नसतात. युरोपात हंगामाचं वर्ष छापायचं तर बाटलीतलं शंभर टक्के तेल त्याच हंगामाचं असावं लागतं. म्हणून ज्याने ते छापलं त्याने स्वतःला बांधून घेतलं आहे, आणि माझ्या लेखी हिरव्या पानाइतकंच या वर्षाला वजन आहे. तिकडे ऑलिव्हची तोडणी साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर चालते. हे लक्षात ठेवलं की दुकानात उभं राहून हिशेब करता येतो.

छोटा उत्पादक का बघायचा, याचं कारण पुरवणीतल्या लेखात प्रेमाने सांगितलं होतं. मी थोडं रुक्षपणे सांगते. ऑलिव्ह तोडून पोत्यात किंवा ढिगात पडून राहिलं की आत गरम होतं, आंबतं, आणि तेलात मोकळी ॲसिड वाढतात. ओलं सोयाबीन गंजीत तापलं की एफएफए, म्हणजे हीच मोकळी ॲसिड, कशी चढतात, हे आपल्या विदर्भातल्या कोणत्याही मिलवाल्याला विचारा. ज्याची बाग आणि घाणा एकाच आवारात आहे तो सकाळी तोडलेलं संध्याकाळी पिळू शकतो. जो चार देशांतून टँकर मागवतो, त्याला ते जमणार नाही. त्याच्या बाटलीवर बारीक अक्षरांत 'युरोपीय संघातील व बाहेरील तेलांचं मिश्रण' अशा अर्थाची ओळ असते. ती भेसळ नव्हे, कायदेशीर माल आहे. पण त्याला 'तुझी बाग कोणती' हा प्रश्नच विचारता येत नाही. २०१० साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेने तिथल्या दुकानांतली आयात एक्स्ट्रा व्हर्जिन तेलं तपासली, तेव्हा ६९ टक्के नमुने चवीच्या कसोटीवर एक्स्ट्रा व्हर्जिन ठरले नाहीत. (अभ्यासाला पैसा कॅलिफोर्नियातल्या तेलवाल्यांचाही होता, हेही सांगून टाकते.) त्या नमुन्यांत खवटपणा आणि आंबूसपणा जास्त होता, म्हणजे गुन्हा बहुतेक वेळा वेळेचा आणि उन्हाचा.

आता ग्रेडबद्दल, कारण घोळ सगळा तिथे होतो. एक्स्ट्रा व्हर्जिन म्हणजे केवळ यांत्रिक पद्धतीने काढलेलं, मोकळी ॲसिड ०.८ टक्क्यांच्या आत, पेरॉक्साइड २० च्या आत, आणि चाखणाऱ्यांच्या पथकाला एकही दोष न सापडलेलं. नुसतं 'ऑलिव्ह ऑइल' किंवा 'लाइट' लिहिलेलं असेल तर ते रिफाइंड तेल, त्यात चवीपुरतं व्हर्जिन मिसळलेलं. 'लाइट' म्हणजे चवीला हलकं. उष्मांक कोणत्याही तेलाइतकेच, ग्रॅमला नऊ. आणि पोमेस म्हणजे पिळून उरलेल्या चोथ्यातून हेक्झेन या द्रावकाने (सॉल्व्हंटने) काढून रिफाइन केलेलं. हेक्झेनशी माझं वैर नाही, आयुष्यभर त्याच्या वासात काम केलं. सोयाबीनही तसंच निघतं आणि आपण ते रोज खातो. पण ऑलिव्हच्या झाडाचं चित्र काढून पोमेसचा पाच लिटरचा डबा 'भारतीय स्वयंपाकासाठी खास' म्हणून खपवला जातो आणि सुनाबाळी हृदयासाठी म्हणून तो उचलतात, तेव्हा चिडचिड होते. ज्या गुणांसाठी ऑलिव्हचं नाव आहे, ती पॉलिफेनॉल्स नावाची द्रव्यं रिफायनिंगमध्ये जवळजवळ सगळी निघून गेलेली असतात.

खवटपणा ओळखायला लॅब लागत नाही. ऑलिव्ह तेल चाखणारी तज्ज्ञ मंडळी निळ्या काचेचा पेला वापरतात, कारण रंग दिसला की माणूस फसतो. घरी स्टीलची वाटी चालेल. चमचाभर तेल घ्या, वरून एक हात झाका, खालून दुसऱ्या तळहाताची ऊब द्या. मिनिटभराने हात काढून लगेच वास घ्या. कापलेलं गवत, कच्चा टोमॅटो, बदामाची हिरवी साल असं काही आठवलं तर तेल जिवंत आहे. दिवाळीचा चिवडा संक्रांतीपर्यंत डब्यात राहिला की जो वास येतो तो आला, तर बाटलीवर कितीही शिक्के असोत, ते खवट. मग छोटा घोट घ्या, दातांतून थोडी हवा ओढा, गिळा. जिभेवर कडवट लागलं आणि क्षणभराने घशात ठसका बसला तर समजा पैसे वसूल. हा ठसका ओलिओकॅन्थल नावाच्या द्रव्याचा. २००५ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की ते प्रयोगशाळेत आयब्युप्रोफेन या वेदनाशामक औषधासारखं काम करतं. आमच्या ओळखीतल्या एका बाईंनी मात्र 'घशाला लागतं' म्हणून नेमकी अशी उत्तम बाटली परत केली. रविवारी सावजी रस्सा खाऊन घाम पुसणारं घर आहे ते!

वाइनवर मी कमी बोलते, कारण त्यात मी तज्ज्ञ नाही. जावयामुळे चार घोट घेतले तेवढेच. पण लेबल वाचता येतं. आपल्या लेखात ऑरगॅनिक वाइन म्हणजे 'फवारणीशिवाय' असं म्हटलं होतं. तसं नाही. द्राक्षावर केवडा आणि भुरी येतेच, आणि ऑरगॅनिक बागायतदार त्यावर गंधक आणि तांबं मारतो. ते तांबं म्हणजे आपलं मोरचूद. काटोल-नरखेडच्या संत्र्याच्या बागांत डिंक्या रोगासाठी खोडाला जी निळी-पांढरी बोर्डो पेस्ट फासतात, तिचं नावच फ्रान्समधल्या त्या वाइनच्या गावावरून आलं. १८८५ च्या सुमारास हे मिश्रण द्राक्षवेलींसाठीच पुढे आलं. मोरचूद सेंद्रियात चालतं, पण तांबं मातीत साचतं, जात नाही. म्हणून युरोपीय संघाने २०१९ पासून त्याला हेक्टरी सात वर्षांत २८ किलोची मर्यादा घातली. ऑरगॅनिकच्या नावाने शंख करायला मी हे सांगत नाही. कष्टाचं आणि जोखमीचं काम आहे ते, आणि कृत्रिम तणनाशक-कीटकनाशकांपासून तिथला मजूर वाचतो, हे एकच कारण मला पुरेसं आहे.

लेबलवरचा आणखी एक बारकावा. युरोपात २०१२ च्या हंगामापर्यंत 'ऑरगॅनिक वाइन' असं छापताच येत नव्हतं, 'ऑरगॅनिक द्राक्षांपासून' एवढंच. नंतर तळघरातल्या, म्हणजे वाइन बनवण्याच्या, प्रक्रियेचेही नियम आले, वाइन टिकावी म्हणून घालतात त्या सल्फाइटची मर्यादाही खाली आली: कोरड्या रेड वाइनला साधारण लिटरला १५० मिलिग्रॅम चालतात, ऑरगॅनिकला १००. शून्य नव्हे. यीस्ट स्वतःही थोडं सल्फाइट तयार करतं. डोकं दुखलं की त्याचं खापर सल्फाइटवर फोडायची पद्धत आहे. ड्रायफ्रूटच्या दुकानातल्या त्या केशरी जर्दाळूत त्याहून कितीतरी जास्त असतं, ते खाऊन कुणी तक्रार केलेली मी ऐकली नाही.

बायोडायनॅमिक शेतीचं मूळ ऑस्ट्रियन तत्त्वज्ञ रुडॉल्फ स्टाइनरच्या १९२४ सालच्या व्याख्यानांत आहे. गायीच्या शिंगात शेण भरून हिवाळाभर पुरायचं, वसंतात काढायचं, चिमूटभर पाण्यात तासभर उलटसुलट ढवळून शिंपडायचं. आपल्या शेतकऱ्यांना यात नवल नाही. शिंगखत इथेही काही जण करतात, आणि शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि मूठभर मातीचं जीवामृत तर अमरावती जिल्ह्यातल्या सुभाष पाळेकरांनी देशभर नेलं. शिंगाने काय होतं हे मला रसायनशास्त्राच्या भाषेत मांडता येत नाही, आणि चंद्राच्या कलेवर छाटणी या गोष्टीवर माझा विश्वास नाही. पण डीमीटर या संस्थेचं प्रमाणपत्र घ्यायचं तर अर्धी बाग अशी, अर्धी तशी चालत नाही, सगळं शेत त्यात आणावं लागतं, दहावा हिस्सा झाडझुडूप आणि जीवजंतूंसाठी राखावा लागतो, आणि तांब्याची मर्यादा आणखी कडक असते. पैसे द्यायचे तर मी या नियमांसाठी देईन. स्वित्झर्लंडमध्ये बाझलजवळ १९७८ पासून पारंपरिक, सेंद्रिय आणि बायोडायनॅमिक शेती शेजारी-शेजारी करून पाहताहेत. २००२ मध्ये त्यांनी एकवीस वर्षांचे निष्कर्ष दिले: उत्पन्न सुमारे २० टक्के कमी, पण खतं एक-तृतीयांश ते निम्म्याने कमी आणि मातीत जीव जास्त. प्रयोग गहू-बटाट्याच्या फेरपालटीचा आहे, द्राक्षाचा नाही, त्यामुळे वाइनच्या चवीबद्दल त्यातून काही काढू नये. गंमत म्हणजे स्टाइनर स्वतः मद्याच्या विरोधात होता.

आणि एक गोष्ट लेखात यायला हवी होती. वाइन ऑरगॅनिक असली तरी अल्कोहोल तेच, बारा-तेरा टक्के. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्टच म्हटलं की मद्याचं सुरक्षित असं प्रमाण नाही. ज्याला प्यायची त्याने चवीसाठी प्यावी, तब्येतीचं निमित्त करू नये.

आता नागपूरच्या ग्राहकाने करायचं काय? फ्रान्समधल्या छोट्या शेतकऱ्याची वाइन इथे जवळपास पोहोचतच नाही. सीमाशुल्क, वर राज्याचं उत्पादनशुल्क, शिवाय प्रत्येक लेबलची इथे नोंदणी. दोन-चारशे बाटल्यांसाठी हा खटाटोप कुणी करत नाही. त्यापेक्षा नाशिककडची घ्या. तिथे एप्रिलात खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी, आणि जानेवारी ते मार्च तोडणी. बाटलीवर वर्ष आणि द्राक्षाचं वाण असेल, आणि ज्याची बाग त्यानेच बाटली भरलेली असेल, तर ती बघा. पांढरी वाइन शक्यतो ताज्या वर्षाची. पण ठेवलेली कुठे असते? आपल्याकडच्या वाइन शॉपमध्ये फ्रिज बिअरला, आणि वाइन वरच्या फळीवर ट्यूबलाइटखाली. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाइन ठेवू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला तेव्हा संस्कृतीवर मोठा वाद झाला आणि गाडं तिथेच अडलं. त्या वादात 'ठेवणार किती अंशांवर' हे कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

आणि जवस! ऑलिव्हवर पान भरतं आणि जवसावर दोन ओळी नाहीत, याचं वाईट वाटलं. सावजी रस्सा जवसाच्या तेलात व्हायचा ते गाव आपलं, जवसाचं वाण विकसित करणारं संशोधन आपल्या कृषी महाविद्यालयात होतं. घाणीचं ताजं जवस तेल, भाकरीवर, वर मीठ आणि तिखट: ऑलिव्हला मी त्याच्या खाली बसवते. पण त्यालाही तोच कायदा. जवसात निम्म्याहून जास्त ओमेगा-३ असतं, म्हणून ते ऑलिव्हपेक्षा कितीतरी लवकर हवा खातं. रंगवाले ते वापरतात ते याच वाळण्याच्या गुणासाठी. आणि आपले लाकडी घाणीवाले, ज्यांच्या नावाने हल्ली सगळे माना डोलवतात, ते पांढऱ्या प्लॅस्टिकच्या बाटलीत, तारीख न घालता, दुकानाच्या ओट्यावर मांडून विकतात. 'शुद्ध, केमिकल-फ्री' मोठ्या अक्षरांत, घाणा कधी चालला ते कुठेच नाही. छोटा आहे म्हणून त्याला सूट नको. पण त्याला विचारता येतं, हा त्याचा मोठा गुण. सक्करदऱ्याकडच्या एका घाणीवाल्या भाऊंना मी विचारत राहिले, तर आता ते बाटलीवर पेनाने तारीख टाकतात आणि माझ्यासाठी पाव लिटर गडद बाटलीत, पिळल्या दिवशीच भरून ठेवतात. मी ती फ्रिजमध्ये ठेवते आणि महिन्याभरात संपवते.

आपल्या हातात वर्तमानपत्र आहे, म्हणून दोन विनंत्या. अन्न व औषध प्रशासनाच्या इथल्या अधिकाऱ्यांना आपल्या वार्ताहराने एवढंच विचारावं, की आयातदाराचं स्टिकर मूळ लेबलवरच्या हंगामाच्या वर्षावर चिकटवलेलं चालतं का. आणि पुरवणीत नवं तेल कधी निघतं त्याची एक चौकट छापावी: जवस फेब्रुवारी-मार्चनंतर, तिकडचं ऑलिव्ह दिवाळीच्या पुढे. आंब्याचा मोसम छापता, तसा हाही छापा. गिऱ्हाईक तारीख विचारू लागलं की दुकानदार बाटल्या काचेपासून आपोआप आत घेईल.

आपली,
एक निवृत्त तेल-तंत्रज्ञ,
प्रतापनगर, नागपूर

ता. क. पत्राखाली नाव छापू नये. तेलाबद्दल माझी काही हरकत नाही, पण वाइनचा उल्लेख आहे आणि सासर वर्ध्याचं आहे.